फळ्यावरचा दिनविशेष: गोव्यासाठी तो कसा जमवावा, तपासावा आणि लिहावा

गोव्यातल्या मराठी शाळेत किंवा गावच्या वाचनालयात शिरलं की दाराशी बहुधा एक फळा असतो. वर सुविचार, खाली दिनविशेष. तो दिनविशेष सकाळी मोबाइलवर आलेल्या यादीतून उतरवलेला असतो: अमुक साली तमुक शास्त्रज्ञ जन्मले, कुठल्याशा देशात कसलासा करार झाला. मुलं तो वाचत नाहीत आणि त्यात मुलांचा काही दोष नाही. १८ जूनच्या फळ्यावर वॉटर्लूची लढाई आहे आणि मडगाव नाही, तर इथल्या मुलाने त्या फळ्यापाशी थांबावं तरी कशाला?

दिनविशेषाचं काम मला फार मोलाचं वाटतं. इतिहासाचा तास आठवड्यातून मोजकाच असतो, फळा मात्र रोज दाराशी असतो. पण त्याच्या दोन अटी आहेत. तारीख तपासलेली हवी, आणि निदान एक नोंद आपल्या भूमीशी नातं सांगणारी हवी. हे दोन्ही कसं साधायचं ते शाळेतले शिक्षक, ग्रंथपाल आणि वाचनालयात स्वेच्छेने काम करणारी मंडळी यांच्यासाठी इथे लिहितो आहे.

आधी वही, मग फळा

रोज सकाळी शोधाशोध करून दिनविशेष लिहायला गेलात तर महिन्याभरात कंटाळाल. म्हणून आधी वर्षाची वही करा. एका तारखेला एक पान, अशी ३६६ पानं. २९ फेब्रुवारीचं पान विसरू नका. मोरारजी देसाईंचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. ज्या वर्षी तो दिवस नसतो त्या वर्षी ही नोंद २८ फेब्रुवारीला घ्यायची की १ मार्चला, ते एकदा ठरवा आणि मग दरवर्षी तसंच करा.

संगणकावर करणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. एक्सेल १९०० च्या आधीच्या तारखा तारीख म्हणून ओळखत नाही, त्यामुळे जुन्या नोंदींचा क्रम लावताना घोळ होतो. दिवस, महिना आणि वर्ष यांचे तीन वेगळे रकाने करा. आधी महिन्याने आणि मग दिवसाने क्रम लावला की सोळाव्या शतकातली नोंद आणि परवाची नोंद शेजारी येऊन बसतात. शिवाय आणखी चार रकाने हवेतच: ठिकाण, तिथी असल्यास तिथी, कोणत्या कॅलेंडरची तारीख, आणि कुठे वाचलं. शेवटचा रकाना लोक गाळतात. पण दोन वर्षांनी कुणी पालक येऊन "ही तारीख कुठून आणली?" असं विचारतो, तेव्हा तोच रकाना उपयोगी पडतो.

ज्या घटनेचं फक्त वर्ष हाती आहे ती दिवसाच्या पानावर कोंबू नका. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. मराठीच्या दृष्टीने ही केवढी मोठी गोष्ट! पण तिची जागा वहीच्या शेवटी, "या वर्षी इतकी वर्षं झाली" अशा वेगळ्या यादीत. दिवस माहीत नसताना १ जानेवारी टाकून मोकळं व्हायची सवय अनेक याद्यांना आहे. ती आपण लावून घ्यायची नाही.

गोव्याचा कणा

वही रिकामी असतानाच गोव्याच्या ठळक तारखा भरून घ्या. जगाच्या घटना नंतर येतील. त्या कुठेही मिळतात.

१९ डिसेंबर १९६१ सर्वांना ठाऊक असते, पण तिचं पान नीट भरा. ऑपरेशन विजय सुरू झालं १८ डिसेंबरला. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांची शरणागती आणि गोवामुक्ती १९ ची. या दोन वेगळ्या नोंदी आहेत. त्याच १९ डिसेंबरला, १९२७ साली, काकोरी खटल्यातल्या रामप्रसाद बिस्मिल, अशफाकउल्ला खान आणि रोशनसिंह यांना तीन वेगवेगळ्या तुरुंगांत फाशी झाली. दोन्ही नोंदी एकाखाली एक लिहिल्या की मुलं आपणहून विचारतात.

१८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राम मनोहर लोहिया यांनी डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या साथीने सभाबंदी मोडली. ३० मे १९८७ ला गोवा भारताचं पंचविसावं राज्य झालं. आणि पोर्तुगीज दप्तरं चाळून मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रं उजेडात आणणारे पांडुरंग पिसुर्लेकर यांचा जन्मही ३० मेचाच, १८९४ चा. २६ जानेवारीच्या पानावर १९३० चा पूर्ण स्वराज्य दिन आणि १९५० चं प्रजासत्ताक हे तर येणारच. पण सत्तरी तालुक्यात दिपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेतला तोही २६ जानेवारीलाच, १८५२ मध्ये, आणि कोकण रेल्वेच्या पूर्ण मार्गावर गाडी धावली तीही २६ जानेवारीला, १९९८ मध्ये. हे पान सत्तरीतल्या शाळांनी तरी मोठ्या अक्षरांत लिहावं.

१५ ऑगस्टला गोव्याच्या फळ्यावर एक ओळ जास्तीची हवी. १९४७ च्या त्या दिवशी इथे पोर्तुगिजांचंच निशाण होतं. १९५५ च्या १५ ऑगस्टला देशभरातून आलेले सत्याग्रही सरहद्दीवरून आत शिरले आणि पोर्तुगिजांनी गोळीबार केला. पत्रादेवीला कर्नेलसिंग बेनिपाल पडले. पेडण्याच्या मुलांना पत्रादेवीचं स्मारक बसच्या खिडकीतून दिसतं. ते कशाचं, हे फळ्याने सांगावं.

माणसांमध्ये मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर (२९ डिसेंबर १९००), केरीच्या केसरबाई केरकर (१३ जुलै १८९२), कवी बा. भ. बोरकर (३० नोव्हेंबर १९१०), सांखवाळचे धर्मानंद कोसंबी (९ ऑक्टोबर १८७६) आणि त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी (३१ जुलै १९०७) यांच्यापासून सुरुवात करा. पुढची भर तुमच्या तालुक्याची.

तारीख कोणत्या कॅलेंडरची?

ही पायरी सगळ्यांत जास्त वेळ मागते, आणि गोव्यात तर ती टाळताच येत नाही.

१५८२ पर्यंत युरोपात ज्युलियन कॅलेंडर चालायचं. ते सूर्याच्या गतीपेक्षा मागे पडत गेलं होतं. पोप तेरावे ग्रेगरी यांनी दुरुस्ती केली आणि ४ ऑक्टोबर १५८२ च्या दुसऱ्या दिवशी थेट १५ ऑक्टोबर आला. पोर्तुगाल आणि स्पेनने बदल लगेच स्वीकारला. आव्हिलाच्या संत तेरेसा यांचं निधन नेमकं त्याच संधीच्या रात्री झालं; म्हणून त्यांचा सण १५ ऑक्टोबरला असतो. इंग्रजांनी मात्र १७५२ पर्यंत जुनंच कॅलेंडर ठेवलं. म्हणजे सतराव्या शतकात पणजीजवळच्या पोर्तुगीज कारकुनाने आणि मुंबईच्या इंग्रज कारकुनाने एकाच दिवशी पत्र लिहिलं, तर दोन्ही पत्रांवरच्या तारखांत दहा दिवसांचं अंतर दिसतं.

याचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण २३ एप्रिलचं. शेक्सपिअर आणि सर्व्हान्टिस या दोघांच्या नावापुढे २३ एप्रिल १६१६ लिहितात. पण इंग्लंडची तारीख जुन्या कॅलेंडरची, स्पेनची नव्या. दोघांच्या मृत्यूत दहा दिवसांहून कमी अंतर नव्हतं. जागतिक पुस्तक दिनाला वाचनालयाच्या फळ्यावर "एकाच दिवशी गेले" असं न लिहिता "एकाच तारखेला" लिहा.

आपल्याकडचं उदाहरण याहून बोलकं आहे. कुंकळ्ळीच्या गावकरांनी पोर्तुगिजांच्या धर्मांतराच्या आणि देवळं पाडण्याच्या जुलमाविरुद्ध उठाव केला, त्यात जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचे पाच जण मारले गेले. पुढे गावकऱ्यांच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आलं. उठावाची तारीख काही ठिकाणी १५ जुलै १५८३ आढळते, काही ठिकाणी २५ जुलै. दोन्ही बरोबर आहेत. १५ ही ज्युलियन, २५ ही ग्रेगोरियन. पोर्तुगालने कॅलेंडर १५८२ च्या ऑक्टोबरात बदललं, पण लिस्बनची गलबतं वसंतात निघून पावसाळा सरता सरता इथे पोचायची. जुलै १५८३ मध्ये गोव्यात अजून जुनीच तारीख चालत होती. त्या दिवशी सोमवार होता. आता मोबाइलच्या कॅलेंडरात मागे मागे जाऊन १५ जुलै १५८३ बघा: बहुतेक फोन शुक्रवार दाखवतील, कारण ते नवंच कॅलेंडर मागे ताणत नेतात. २५ जुलै बघा, सोमवार. वार हा असा साक्षीदार आहे. ज्या जुन्या नोंदीत वार दिलेला असेल तिथे तो ताडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

शिवरायांच्या जन्माचंही असंच करा. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. १९ फेब्रुवारी १६३० ही ज्युलियन तारीख. ग्रेगोरियन १ मार्च. फोन १९ फेब्रुवारीला मंगळवार दाखवतो, १ मार्चला शुक्रवार. शिवजयंती १९ फेब्रुवारीला साजरी होते, तेव्हा नोंद त्याच पानावर ठेवा; फक्त तिथी शेजारी लिहा. राज्याभिषेकाच्या ६ जून १६७४ ला आणि संभाजीराजांच्या राज्याभिषेकाच्या १६ जानेवारी १६८१ लाही हेच लागू आहे.

शके सन इसवी सनात आणायला चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. सरावासाठी नार्व्याला जा. सप्तकोटीश्वराच्या देवळाच्या शिलालेखात शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक कृष्ण पंचमी अशी काळगणना आहे आणि शिवरायांच्या आज्ञेने देवालयाचा प्रारंभ झाल्याचं कोरलेलं आहे. १५९० अधिक ७८ म्हणजे १६६८. पुस्तकांत १३ नोव्हेंबर १६६८ छापतात, तीही ज्युलियन. डिचोलीतल्या शाळेने सहावी-सातवीच्या मुलांना तिथे नेऊन दगडावरची अक्षरं त्यांच्याकडूनच वाचून घ्यावीत. एका फेरीत शके, संवत्सर, पक्ष आणि तिथी या चारही गोष्टी कायमच्या डोक्यात बसतात.

१५८२ च्या आधीच्या सर्व युरोपीय तारखांपुढे वहीत "जु." लिहून ठेवा. आल्बुकर्कने गोवा दुसऱ्यांदा घेतलं ती २५ नोव्हेंबर १५१०, सेंट कॅथरीनच्या सणाची तारीख, तशीच आहे. इथिओपियाला जायला निघालेला छापखाना गोव्यात उतरला ती ६ सप्टेंबर १५५६ सुद्धा तशीच.

दोन पुस्तकं दोन तारखा सांगतात तेव्हा

सगळेच वाद कॅलेंडरचे नसतात. झाशीच्या राणीचं बलिदान बहुतेक ठिकाणी १८ जून १८५८ ला मांडतात, तर कोटा की सरायची लढाई १७ जूनची. अशा वेळी फळ्यावर एक तारीख निवडा, वहीत दोन्ही ठेवा. रात्रीच्या घटनांत आणि परदेशातल्या घटनांत वेळेचा फरक बघा: माणसाने चंद्रावर यान उतरवलं ते अमेरिकेत २० जुलै १९६९ ला, पण भारतीय घड्याळात मध्यरात्र उलटून २१ जुलै लागला होता.

पडताळणीला पणजीतल्या पाटोच्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात एक दिवस काढा. १८३२ मध्ये सुरू झालेलं हे ग्रंथालय; जुनी वर्तमानपत्रं तिथे बघायला मिळतात. १९४६ नंतरच्या घटनांना दुसऱ्या दिवशीच्या अंकाइतका चांगला आधार दुसरा नाही. मराठी विश्वकोश व्यक्तींच्या तारखांसाठी चांगला. विकिपीडियापासून सुरुवात करायला हरकत नाही, तिथेच थांबू नका. फिरत्या संदेशातली तारीख निदान एका छापील पुस्तकात सापडेपर्यंत पेन्सिलीनेच लिहा.

निवड: १२ मार्चचं पान

भरलेल्या पानातून काय घ्यायचं? एक पान उघडून बघू.

१२ मार्च १६२२: रोममध्ये फ्रान्सिस झेवियर यांना संतपद दिलं गेलं, त्याच सोहळ्यात, वर ज्यांचा उल्लेख आला त्या आव्हिलाच्या तेरेसाही होत्या. १२ मार्च १९११: भाऊसाहेब बांदोडकरांचा जन्म. १२ मार्च १९१३: यशवंतराव चव्हाणांचा जन्म, देवराष्ट्रे गावी. १२ मार्च १९३०: साबरमतीहून दांडीयात्रा निघाली. १२ मार्च १९६८: मॉरिशस स्वतंत्र झालं, जिथे आजही मराठी बोलणाऱ्यांची वस्ती आहे. १२ मार्च १९९३: मुंबईतले बॉम्बस्फोट, २५७ बळी.

सहाही नोंदी फळ्यावर टाकल्या तर एकही वाचली जाणार नाही. मी तीन घेईन. पहिली भाऊसाहेबांची, कारण हा गोवा आहे. दुसरी यशवंतरावांची, आणि ती पहिलीला जोडूनच: गोव्याचे पहिले मुख्यमंत्री आणि महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री एकाच तारखेला जन्मले, दोन वर्षांच्या अंतराने, आणि गोवा महाराष्ट्रात जावा की नाही हा साठच्या दशकातला मोठा प्रश्न या दोघांच्याही राज्यांचा होता. तिसरी दांडीयात्रेची. संतपदाची नोंद जुन्या गोव्याच्या आसपासच्या शाळेने पहिली घ्यावी. मॉरिशसची दरवर्षी आलटून पालटून. स्फोटांची नोंद प्राथमिक शाळेच्या फळ्यावर मी लावणार नाही, वाचनालयात लावेन.

माझा नियम साधा आहे: एक गोव्याची, एक देशाची किंवा महाराष्ट्राची, आणि एक जगाची, तीही पहिल्या दोघींशी काही बोलत असेल तर. बोलत नसेल तर दोनच पुरेत.

लिहायची रीत

नुसतं "बांदोडकर जन्म, १९११" लिहू नका. ओळ पूर्ण वाक्याची असावी आणि वाचणाऱ्याला पुढे एक पाऊल नेणारी. उदाहरणार्थ:

"१२ मार्च १९११. दयानंद तथा भाऊसाहेब बांदोडकर यांचा जन्म. मुक्तीनंतर १९६३ मध्ये ते गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. आपल्या गावची शाळा कोणत्या वर्षी सुरू झाली, घरी विचारून या."

तिसऱ्या वाक्यात प्रश्न आहे, आणि दिनविशेष खरा कामाला लागतो तो तिथे. भाऊसाहेबांच्या काळात खेड्यापाड्यांत मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. मुलाच्या आजोबांना ते आठवत असतं. फळ्यावर पाच ओळींपेक्षा जास्त मजकूर नको. वर्ष ठळक, नावं पूर्ण, आणि अक्षर दाराबाहेरून वाचता येईल इतकं मोठं.

नाजूक तारखा

१६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल मराठी मंडळींना फळ्यावर लिहायला अवघड जातो हे मी जवळून बघितलं आहे. काही घरांतून आजही त्यावर बोलणं खुंटतं. तरी ती तारीख गाळू नका. आकडे लिहा: संघप्रदेश राहावा या बाजूने १,७२,१९१ मतं, महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०, फरक ३४,०२१. दोन्ही बाजूंना मराठी बोलणारी माणसं होती. विशेषण एकही घालू नका, "विजय" नको की "पराभव" नको. त्याच पानावर न्यायमूर्ती रानड्यांचं निधन (१९०१) आहे. ते खाली घ्या.

२५ नोव्हेंबरला "पोर्तुगिजांनी गोवा आदिलशाहीकडून घेतलं" एवढं वाक्य लहानांना पुरे. मोठ्यांच्या वाचनालयात त्या वेळी शहरातल्या मुसलमान रहिवाशांची कत्तल झाली हेही लिहायला हवं. ३ डिसेंबरला झेवियर यांचं फेस्त, म्हणजे सण. २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्रीने १९८४ मध्ये भोपाळला हजारोंचा जीव घेतला. फेस्ताची ओळ वर, भोपाळची खाली, मध्ये मोकळी जागा.

आपल्या गावची तारीख

हा भाग कुठल्याच यादीत मिळणार नाही, म्हणून यावर माझा सर्वांत जास्त भर आहे. शाळेची स्थापना, गावात वीज आली तो दिवस, फेरी बंद होऊन पूल सुरू झाला तो दिवस, पहिली बस. मांडवीवरचा जुना पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला तेव्हा कोण कुठे अडकलं होतं, हे पणजीच्या पलीकडच्या प्रत्येक घरात कुणी ना कुणी सांगू शकेल.

वडीलधारी माणसं तारीख सांगत नाहीत. "पाखल्यांच्या (म्हणजे पोर्तुगिजांच्या) वेळी", "चवथीच्या दुसऱ्या दिवशी", "शिगम्याआधी" असं सांगतात. ते तसंच लिहून घ्या. मग त्या वर्षाचं पंचांग शोधा आणि चवथ कोणत्या तारखेला होती ते बघा. तारीख हाती येते. वर्षच आठवत नसेल तर आधार विचारा: मुक्तीच्या आधी की नंतर, थोरल्याचा जन्म झाला होता का, तेव्हा शाळेत कोणते मास्तर होते. बोलणाऱ्याची परवानगी घेऊन फोनवर आवाज नोंदवून ठेवा, आणि नोंदीखाली "सांगोवांगी" असा शेरा मारा. पुढे शाळेच्या जुन्या हजेरीपटात किंवा पंचायतीच्या ठरावाच्या वहीत तीच तारीख सापडली की शेरा खोडा.

पावसाळ्यात वही जपा. जून ते सप्टेंबर कागद दमटतो, कडांना बुरशी धरते. पत्र्याच्या डब्यात, औषधांच्या बाटलीत येतात त्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाकून ठेवली तर टिकते. खडूही त्याच डब्यात ठेवा. दर चतुर्थीच्या सुटीनंतर सगळ्या पानांचे फोटो काढून दुसऱ्या कुणाकडे तरी ठेवायला द्या, आणि वही चालवणारी माणसं दोन असू द्या: एक मोठं, एक आठवी-नववीतलं.